जामीन मंजूर, सुटका नाही: एका ऊसतोड कामगाराचे १४८ दिवस

या प्रकरणातील कामगाराला १२ डिसेंबर २०२२ रोजी अटक झाली, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्याचा जामीन मंजूर केला आणि तो कारागृहाच्या दाराबाहेर आला १९ जुलै २०२३ रोजी. जामीन मंजूर झाल्यापासूनच्या १४८ दिवसांत त्याला आत ठेवावे असे कोणत्याही न्यायालयाने म्हटले नव्हते. तरीही तो आतच होता. हे कसे घडले, त्यातून बाहेर पडण्यासाठी कोणते पर्याय होते, आम्ही कोणता निवडला आणि कुठे चुकलो, याची ही नोंद आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील साखर पट्ट्यातल्या एका जिल्हा कारागृहात न्यायाधीन बंद्यांसोबत, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशा कैद्यांसोबत, काम करणाऱ्या एका लहान संस्थेची मी कार्यकर्ती आहे. ओळख पटू नये म्हणून कारागृह, न्यायालय आणि गाव यांची नावे दिलेली नाहीत, काही किरकोळ तपशीलही बदलले आहेत. ही नोंद लिहिण्यास त्याची आणि त्याच्या पत्नीची संमती आहे.

पार्श्वभूमी

कामगार सव्वीस वर्षांचा, बीड जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातला. घरची दीड एकर जमीन, तीही सातबाऱ्यावर अजून आजोबांच्याच नावावर. पाचवीपर्यंत शिक्षण. लग्न झालेले, चार वर्षांची एक मुलगी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तसा त्यांचा एक कोयता होता आणि २०२२ च्या दसऱ्यानंतर त्यांनी मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, ८० हजार रुपये उचल (आगाऊ मजुरी) घेतली होती. उचल फिटेपर्यंत पहाटेपासून फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री कारखान्याजवळच्या माळावरल्या कोपीत येऊन झोपायचे, असा तो हंगाम होता.

डिसेंबरमध्ये एका शेतकऱ्याच्या विहिरीवरील मोटारीची केबल चोरीला गेली. तळाजवळच्या टपरीवर बसणाऱ्या दोन स्थानिक तरुणांनी ती कापली होती. या कामगाराने ती जाळून त्यातील तांबे वेगळे करायला मदत केली आणि त्यांच्याबरोबर भंगारवाल्याकडे गेला. त्याला त्यातून सहाशे रुपये मिळाले. पहिल्याच भेटीत त्याने मला स्पष्ट सांगितले की माल चोरीचा आहे हे त्याला कळत होते. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते, कारण निरपराध माणूस नाहक अडकला असा हा प्रसंग नाही. शेतकऱ्याचे नुकसानही खरे होते. केबलची किंमत नऊ हजारांच्या घरात असली तरी शेतीपंपाची वीज पाळीने येते, आणि ऐन पाळीत केबल नसली तर उभ्या पिकाचे पाणी तुटते.

गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ (चोरी) व ३४ (समान हेतूने मिळून केलेला गुन्हा) खाली नोंदला गेला. चोरीसाठी त्या संहितेत जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होती. दोन दिवस पोलीस कोठडी आणि नंतर न्यायालयीन कोठडी मिळाली. तिघांपैकी कोणावरही आधीचा गुन्हा नव्हता. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलांनी जानेवारीत केलेला पहिला जामीन अर्ज फेटाळला गेला. तपास अपूर्ण आहे आणि आरोपी या जिल्ह्यातला रहिवासी नाही, ही त्यामागची कारणे होती. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोषारोपपत्र दाखल झाले आणि २१ फेब्रुवारीला तिघांनाही एकाच आदेशाने जामीन मिळाला. अटी अशा: प्रत्येकी २५ हजार रुपयांचा जातमुचलका (स्वतःची लेखी हमी), तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक व सक्षम जामीनदार आणि खटला संपेपर्यंत दर सोमवारी संबंधित पोलीस ठाण्यात हजेरी.

स्थानिक दोघे तिसऱ्या दिवशी घरी गेले. एकाच्या चुलत्याने आणि दुसऱ्याच्या मामाने सातबारा आणून जामीन दिला. केबल प्रत्यक्ष कापणारे ते दोघे बाहेर होते आणि सहाशे रुपयांसाठी ती जाळायला मदत करणारा आत होता. आदेश करताना न्यायाधीशांनी तिघांत कोणताही फरक केला नव्हता. फरक पाडला तो 'स्थानिक' या एका शब्दाने.

अडचण नेमकी कुठे होती

मी त्याला प्रथम १६ जून २०२३ रोजी, कारागृहातील विधी सहाय्य केंद्रात भेटले. जामीन मंजूर होऊन तोवर ११५ दिवस लोटले होते. टेबलापुढे उकिडवा बसून त्याने खिशातून चौपदरी घडी केलेला कागद काढला. बराकीतल्या कोणीतरी त्यावर खटल्याचा क्रमांक आणि 'जामीन झाला' असे दोन शब्द लिहून दिले होते. तो म्हणाला, "जामीन झालाय म्हणतेत सगळे. मंग मी आत कसा?"

या प्रश्नाचे उत्तर एका जागी सापडत नव्हते. जामीन मंजूर झाल्याचा आदेश न्यायालयाच्या फायलीत होता. कारागृहाकडे जाते ती सुटकेची ऑर्डर, आणि ती जामीनदाराची कागदपत्रे पूर्ण झाल्यावरच निघते. त्यामुळे कारागृहाच्या दप्तरी तो इतर शेकडो न्यायाधीन बंद्यांपैकी एक होता. दर चौदा दिवसांनी व्हिडिओवर त्याची पेशी होई आणि पुढची तारीख पडे. नेमलेल्या वकिलांच्या दृष्टीने जामीन मिळवण्याचे काम झाले होते आणि जामीनदार आणणे हे नातेवाइकांचे काम होते. नातेवाईक म्हणजे कोण, तर पत्नी. ती फेब्रुवारीत फडातच होती. एकट्या बाईचा कोयता होत नाही, म्हणून दुसऱ्या जोडीमागे मोळ्या बांधत ती हंगाम ओढत होती. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी परतली आणि तीही मुलीला घेऊन अडीचशेहून अधिक किलोमीटर दूरच्या गावी गेली. या जिल्ह्यात त्याला ओळखणारे कोणीही उरले नाही.

अशा स्थितीसाठी उपाय सांगितलेला नव्हता, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे या जामिनाच्या तीनच आठवडे आधी, नेमक्या याच प्रश्नावर निर्देश दिले होते. जामीन आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पोचवावी; त्याची नोंद ई-प्रिझन्स प्रणालीत व्हावी; सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे; बंद्याच्या सामाजिक-आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करून अटी शिथिल करण्यासाठी तो न्यायालयापुढे ठेवावा; आणि महिन्याभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटींचा फेरविचार करावा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, तेव्हा तशी अट घालू नये, असेही त्यात म्हटले होते. आमच्या प्रकरणात सात दिवसांची आणि एक महिन्याची अशा दोन्ही मुदती कोणाच्याही ध्यानात न येता उलटून गेल्या. निर्देश नवे होते, साखळीतला पहिला ई-मेलच गेला नव्हता आणि त्यामुळे पुढचे कोणतेच चाक फिरले नाही.

याचा आवाका समजण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. यातील किती जण जामीन मिळूनही आत होते हे या आकड्यावरून समजत नाही, आणि आमच्या कामगाराचीही मोजदाद त्या वेळी त्या नावाने कोणी केली नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय त्याने स्वतःच मांडला: "ताई, करतो कबूल. कबूल केलं की याच तारखेला सोडतेत म्हणं." बराकीत सर्वांना ठाऊक असलेला हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. गुन्हा कबूल करायचा, भोगलेली कोठडी हीच शिक्षा धरली जाते आणि माणूस त्याच दिवशी बाहेर पडतो. सहा महिने आत काढलेल्या माणसाला हे सांगितल्यावर त्याने काय निवडावे, याचा निवाडा बाहेर बसून करणे सोपे नाही. आम्ही त्याला दोन गोष्टी समजावल्या. एक, दोषसिद्धीची नोंद कायम राहते आणि पुढे कुठे चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा त्याच्या दारात येतील. दोन, कबुली द्यायचीच असेल तर ती वकिलाशी बोलून, परिवीक्षा कायद्याचा लाभ मागून द्यावी. १९५८ च्या त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये चोरीचा स्पष्ट उल्लेख आहे, पहिल्या गुन्ह्यात न्यायालय समज देऊन सोडू शकते आणि कलम १२ नुसार अशा दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही. तो दोन दिवस विचार करतो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने निरोप दिला की महिनाभर थांबतो, त्यापुढे थांबणार नाही. त्याने दिलेली ही मुदत आम्ही शेवटपर्यंत आमचीही मुदत मानली.

दुसरा पर्याय मुकादमाचा होता. त्याने पत्नीला आधीच सांगितले होते की जामीनदार मी उभा करतो, खर्च उचलीत धरू. तिने फोनवर मला जे सांगितले त्यात सगळे आले: "काढतो म्हणतो तो बाहेर. पण मंग दोन पट्टे त्याच्याच दावणीला." हंगाम अर्ध्यात मोडल्याने उचलीतली बाकी तशीच होती, आणि त्यात जामिनाची रक्कम मिळवली असती तर कारागृहातून सुटलेला माणूस थेट दुसऱ्या बंधनात गेला असता. अशा आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने बेकायदा ठरवले आहे. तरीही सुटकेच्या घाईत अनेक कुटुंबे हाच मार्ग पत्करतात, कारण दारात येऊन मदत देऊ करणारा तो एकटाच माणूस असतो.

न्यायालयाच्या आवारात जामीनदार मिळवून देणारे दलालही असतात. मार्चमध्ये त्याचे वडील आले तेव्हा त्यांच्याकडे सात हजार रुपये मागितले गेले होते. हा मार्ग आम्ही चर्चेलाही घेतला नाही. खोटा जामीनदार हा नवा गुन्हा ठरतो आणि तो उघड झाला की मिळालेला जामीनही जातो.

सरकारी मदतीचा पर्याय नुकताच जन्माला आला होता. गरीब बंद्यांना अर्थसाहाय्य करण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचना जून २०२३ मध्येच निघाल्या. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक आणि एक न्यायाधीश यांची समिती न्यायाधीन बंद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत जामिनाची रक्कम भरू शकत होती. आमच्या जिल्ह्यात समिती तेव्हा स्थापन झालेली नव्हती. ती झाली असती तरी आदेशात मागितला होता माणूस, पैसे नव्हे. योजनेचा उपयोग व्हायचा तर आधी आदेश बदलून रोख रकमेची मुभा मिळवावी लागली असती.

उरला तो अटच बदलून घेण्याचा मार्ग. त्याला आधार होता ३१ जानेवारीच्या निर्देशांचा आणि त्याहून जुन्या, १९७८ च्या मोतीराम प्रकरणाचा. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवून एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका केली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचे ते प्रकरण आणि आमचे प्रकरण यांत गवंड्याच्या जागी ऊसतोड कामगार एवढाच फरक होता.

काय केले

आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोक अभिरक्षक कार्यालयातील एका तरुण वकिलांनी प्रकरण हाती घेतले आणि मी सामाजिक-आर्थिक अहवालाच्या कामाला लागले. परजिल्ह्यातील चौकशी कार्यालयामार्फत करायची तर पत्रव्यवहारातच महिना गेला असता, म्हणून २४ जूनला मी स्वतः गावी गेले. घर पत्र्याचे, पुढे एक चूल, बाजूला दोन शेळ्या. पत्नीने ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. तिच्यात रेशनकार्ड, दोघांची आधार कार्डे, मुलीच्या लसीकरणाचे कार्ड, मुकादमाच्या वहीतून फाडलेली हिशोबाची चिठ्ठी आणि न्यायालयाच्या तारखांचे तीन कागद होते. तारखा तिला वाचता येत नव्हत्या. तिन्ही तारखा होऊन गेल्या होत्या.

तलाठ्यांकडे वारस नोंदीचा अर्ज दोन वर्षांपासून पडून होता, त्यामुळे वडिलांच्या नावावर ऐपतीचा दाखला, म्हणजे जामिनाएवढी मालमत्ता असल्याचा सरकारी दाखला, मिळणे अशक्य होते. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती मात्र वडिलांच्या नावाची होती. ती, रेशनकार्ड, रहिवासी दाखला आणि कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या याच गावात राहते असे सरपंचांचे पत्र एवढी कागदपत्रे घेऊन मी परतले. अहवालात दोनच गोष्टींवर भर दिला: हा माणूस पळून जाईल असे मानायला आधार नाही, कारण त्याची मुळे पक्की आहेत, फक्त ती या जिल्ह्यात नाहीत, आणि स्थानिक जामीनदार आणणे त्याला कधीही शक्य होणार नाही.

३० जूनला अर्ज दाखल झाला आणि १४ जुलैला सुनावणी झाली. सरकारी वकिलांनी विरोध केला, पण तो कडवा नव्हता. न्यायाधीशांनी अहवाल वाचला, वडिलांना पुढे बोलावले आणि मुलगा तारखेला येईल याची हमी तुम्ही घेता का, असे विचारले. वडील म्हणाले, "साहेब, मीच घेऊन येतो त्याला." न्यायाधीशांनी रक्कम दहा हजारांवर आणली आणि परजिल्ह्यातील जामीनदार म्हणून वडिलांना मान्य केले. जामीन दिल्यावरही महिनोन्‌महिने सुटका न झालेला बंदी आमच्या लक्षात यायला हवा होता, असेही त्यांनी बोलून दाखवले. न्यायासनावरून आलेला तो शब्द मला मोलाचा वाटतो, कारण तोवर भेटलेल्या प्रत्येकाने चूक दुसऱ्या टेबलाची असल्याचे सांगितले होते.

यानंतरही पाच दिवस गेले. आदेशात मान्यता असूनही ऐपतीचा दाखला का नाही, असा प्रश्न कागदपत्रे तपासताना निघाला. वडील दोन रात्री एसटी स्थानकावर झोपले. शेवटी घरपट्टीची पावती आणि प्रतिज्ञापत्र यांवर काम झाले. सुटकेची ऑर्डर १९ जुलैला दुपारी कारागृहाच्या दारातील पेटीत पडली आणि संध्याकाळच्या गिनतीनंतर, साडेसातच्या सुमारास, तो बाहेर आला. अंगावर डिसेंबरातल्या अटकेच्या वेळचा स्वेटर होता. मोबाइल मुद्देमालात जमा होता. बीडकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती.

बाहेर आल्यानंतर

येथे आमच्याकडून जी चूक झाली ती मी सविस्तर लिहिते. जामीनदाराची अट बदलून घेताना दर सोमवारच्या हजेरीची अट आम्ही तशीच राहू दिली. अर्ज लहान आणि विरोध कमी राहावा, हा त्यामागचा विचार होता. पण त्या अटीचा प्रत्यक्ष अर्थ असा होता की गावी राहणाऱ्या मजुराने दर आठवड्याला अडीचशे किलोमीटर येऊन एक सही करायची, आणि त्यासाठी दोन दिवसांचा रोजगार व जाण्या-येण्याचे भाडे घालवायचे. तो दोन सोमवार आला. तिसऱ्या सोमवारी त्याच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते आणि एक हजेरी चुकली म्हणजे आता पकडतीलच, अशा समजुतीने त्याने पुढे येणेच सोडले. १२ सप्टेंबरच्या तारखेलाही तो आला नाही. त्याच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट निघाले.

मला हे कळले ते २१ सप्टेंबरला, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर दुसऱ्याच प्रकरणाची तारीख पाहताना. १४८ दिवसांनंतर झगडून बाहेर काढलेला माणूस एका सहीसाठी परत आत जाण्याच्या बेतात होता आणि ती सही आम्ही स्वतःच आदेशात ठेवली होती. वडिलांना फोन केला. न्यायाधीशांना दिलेला शब्द त्यांनी पाळला आणि २६ सप्टेंबरला मुलाला घेऊन ते स्वतः न्यायालयात उभे राहिले. तो आपणहून हजर झाला म्हणून तीनशे रुपये भरून वॉरंट रद्द झाले. हजेरी महिन्यातून एकदा, त्याच्या स्वतःच्या तालुक्यातील पोलीस ठाण्यात, अशी बदलून मिळाली. हेच आम्ही जुलैत मागू शकलो असतो.

दुसरी अडचण उचलीची होती. मुकादमाच्या हिशोबाने ५२ हजार बाकी होते. वेठबिगारीच्या कायद्याखाली तहसीलदारांकडे तक्रार करण्याचा मार्ग आम्ही त्याच्यापुढे ठेवला. त्याने नकार दिला, कारण धाकटा भाऊही त्याच मुकादमाच्या टोळीत होता आणि गावात राहायचे तर वैर परवडणारे नव्हते. हा निर्णय माझ्या मनाविरुद्ध होता, पण त्याची किंमत मोजणारा तो होता, मी नव्हे. ग्रामपंचायत सदस्यांसमोर हिशोब लेखी मांडून घेतला तेव्हा पत्नीने एकटीने केलेले दोन महिन्यांचे काम वहीत धरलेलेच नव्हते, असे दिसून आले. बाकी ३८ हजारांवर आली आणि तारखेच्या दिवशी सुट्टी मिळेल, असे ठरले. नोव्हेंबरमध्ये ते दोघे पुन्हा फडात गेले. पहिल्या आठवड्यात त्याचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते. पत्नीने फोनवर सांगितले की कोयत्याचे जुने घट्टे आत असताना पार निघून गेले होते आणि हात पोरासारखे मऊ पडले होते.

निष्पत्ती

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिर्यादी शेतकरी साक्षीसाठी न्यायालयात आले. तोवर तपास अधिकाऱ्यांखेरीज कोणीही त्यांच्याशी बोललेले नव्हते, आम्हीही नाही. व्हरांड्यात त्यांनी आमच्या वकिलांना विचारले की यातला बीडचा मुलगा कोणता. तो सात महिने आत होता हे ऐकल्यावर ते म्हणाले, "नवी केबल मी तवाच टाकली. ह्या पोराला एवढं दिवस आत ठिवलं, मला कुनी इचारलं का?"

चोरीचा गुन्हा फिर्यादीच्या संमतीने आपसात मिटवता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये तशी तरतूद होती आणि अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. तिघांनी मिळून केबलची नऊ हजारांची भरपाई द्यावी, असे ठरले. त्याने आपल्या वाट्याचे तीन हजार दोन हप्त्यांत दिले आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने तडजोड मान्य करून खटला संपवला. त्याच्या नावावर दोषसिद्धी नाही. उचलीतले चौदा हजार मात्र हंगाम संपतानाही बाकी होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चुकलेली संधी तडजोडीची आहे. फिर्यादीला भेटण्याची कल्पना आम्हाला कधी सुचलीच नाही, कारण आमचे सारे लक्ष जामिनावर होते. अटकेनंतर पहिल्या महिन्यातच कोणी त्यांना विचारले असते तर हे प्रकरण जानेवारी किंवा फेब्रुवारी २०२३ मध्ये मिटण्याची चांगली शक्यता होती. अर्थात त्यासाठी फिर्यादीवर कोणताही दबाव येणार नाही याची काळजी घ्यावी लागते, म्हणून हे काम आरोपीच्या नातेवाइकांनी नव्हे तर वकिलांमार्फत किंवा विधी सेवा प्राधिकरणामार्फत व्हायला हवे.

दुसरी संधी २१ फेब्रुवारीची. जामीन देताना आरोपी कोणत्या जिल्ह्यातला आहे हे फायलीत लिहिलेले होते. जामीनदार कोण राहणार, हा एक प्रश्न त्याच वेळी विचारला गेला असता किंवा आमच्या बाजूच्या वकिलांनी 'स्थानिक' हा शब्द तेव्हाच काढून मागितला असता तर पुढचे काहीच घडले नसते. काही आठवड्यांच्या मुदतीसाठी जामीनदाराऐवजी थोडी रोख रक्कम स्वीकारण्याची पद्धत अनेक न्यायालयांत आहे. तीही कोणी मागितली नाही.

कायद्यातील नव्या सुधारणांकडे पाहताना मला एक गोष्ट खटकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला मुचलक्यावर सोडायचे आहे. पूर्वी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची होती. सुधारणा स्वागतार्हच आहे. पण तीन वर्षांच्या गुन्ह्यात एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष, आणि आमचा कामगार २१९ दिवसांत बाहेर आला. म्हणजे हे कलम तेव्हा असते तरी त्याच्या कामी आले नसते. किरकोळ गुन्ह्यात अडकलेल्या गरीब माणसाची कोठडी वर्षांत नव्हे, आठवड्यांत मोजावी लागते, कारण त्याचा रोजगार, हंगाम आणि कर्ज आठवड्यांवर चालते. त्याच्यासाठी सात दिवसांनी कळवणे आणि महिन्याने अट तपासणे हे जानेवारी २०२३ चे निर्देश कलम ४७९ पेक्षा जास्त मोलाचे आहेत, आणि ते पाळण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

आमच्या कामात आम्ही केलेला बदल लहान आहे. विधी सहाय्य केंद्राच्या नोंदवहीत आता प्रत्येक नावापुढे चार रकाने जास्त आखले आहेत: जामीन मंजूर झाल्याची तारीख, जामीनदाराचा जिल्हा, हजेरीचे ठिकाण, आणि फिर्यादीशी कोणी बोलले आहे का.